काठावरचे आणि पात्रातले

पोळ्याच्या तीन दिवसांत आमच्याकडे पळस तीनदा कामी येतो. खांदशेकणीच्या संध्याकाळी पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला हळद आणि कोमट तूप चोळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेली ती जागा शेकतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, दाराशी येतात. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, रोगराई आणि ईडापिडा मारबतीसोबत निघून जावी म्हणून, ते गावाबाहेर नेऊन टाकतात. आणि त्याच पाडव्याला पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं एक अख्खं झाड रोवलं जातं. त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. सकाळच्या पूजेनंतर जे सुरू होतं ते उन्हं उतरेपर्यंत चालतं. त्याचं नाव गोटमार.

मी सौंसरकडचा, आजोळ पांढुर्ण्याचं. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. पण सोयरिकी, संत्र्याच्या बागा, कापूस, घरात मराठी आणि शाळेत हिंदी, या सगळ्याने ही दोन गावं आधीपासूनच एकमेकांत गुंतलेली होती. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पोळा तसाच राहिला. नागपूरला शिकायला गेलो तेव्हा पांढुर्ण्याचं नाव काढलं की समोरचा हटकून विचारायचा, "ते दगड मारतात तेच ना?" मी हो म्हणायचो आणि लगेच गोष्ट सांगायला लागायचो. आमच्याकडचा प्रत्येक जण हेच करतो. दगडाबद्दल विचारलं की आम्ही गोष्ट सांगतो.

गोष्ट अशी. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाले. नदी ओलांडत असताना सावरगावच्या लोकांनी त्यांना पाहिलं आणि दगड मारायला सुरुवात केली. पांढुर्ण्याचे लोक मुलाच्या मदतीला धावले, त्यांनी इकडून दगड फेकले. दोन्हीकडच्या माऱ्यात ती दोघं नदीतच गेली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला. त्यांनी त्या दोघांना उचलून चंडी मातेच्या देवळात नेलं, पूजा केली आणि अंत्यसंस्कार केले. गोटमार ही त्यांची आठवण. भोसल्यांचे सैनिक दगडफेकीचा सराव करत, त्यातून हे आलं, अशीही एक कथा सांगतात, पण ती कोणाच्या जिवाला भिडलेली नाही. लोकांनी प्रेमाचीच गोष्ट धरून ठेवली. पात्रातलं पळसाचं झाड म्हणजे ती मुलगी, असं मानणारे आहेत. पांढुर्ण्याच्या गड्यांनी दगडांच्या माऱ्यात झाडापर्यंत पोचायचं, कुऱ्हाडीने ते तोडायचं आणि झेंडा चंडी मातेच्या देवळात न्यायचा. सावरगावने तो राखायचा. झेंडा देवळात गेला की खेळ संपतो आणि दोन्ही काठांची माणसं एकमेकांना भेटतात.

गोष्ट देखणी आहे. ती ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नदी येते, पळणारी दोन पावलं येतात, पश्चात्ताप येतो. रक्तही येतं, पण ते शेकडो वर्षांपूर्वीचं, म्हणजे सुकलेलं आणि कोणालाच न दुखणारं. दगड मात्र आजचा असतो. ज्याला तो लागतो त्याचं वय बावीस असतं, घरी त्याचं जेवण झाकून ठेवलेलं असतं. गोष्टीत त्याला जागा नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही नाही, कारण तिथे आकडा असतो. यंदा इतके शे घायाळ, इतके गंभीर, इतके नागपूरला हलवले. 1955 पासून आजवर डझनाहून जास्त माणसं या खेळात गेली, तीही दरवर्षीच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात येतात. गोष्ट आणि आकडा यांच्या मधल्या जागेत एक माणूस पडलेला असतो, आणि त्याच्याविषयी कसं बोलावं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

माझ्या थोरल्या मामाचा उजवा डोळा गोटमारीत गेला. मी जन्मायच्या आधी. लहानपणी मला मामा तसाच माहीत होता, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटायचं नाही. फार उशिरा एक गोष्ट लक्षात आली. मामा किटलीतून चहा ओतताना डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावर ठेवतो. एका डोळ्याने कप दिसतो, पण तो किती लांब आहे ते कळत नाही. म्हणून बोट. धार बोटाला लागली की तो किटली जरा पुढे नेतो. बोटाला चटका बसतो, त्याचं त्याला काही वाटत नाही. संत्रं सोलताना, सुतळी ओवताना, पायरी उतरताना, दिवसभरात कितीतरी वेळा तो आधी हात पुढे करून जगाचं अंतर मोजून घेतो.

एकदा मी त्याला विचारलं, लागलं तेव्हा काय झालं. तो म्हणाला, "मले काई कळलंच नाही बाबू. गरम पाणी सांडल्यावानी वाटलं तोंडावर. मंग कोणी तरी म्हने, बस खाली. बसलो." मी विचारलं, कोणाचा गोटा होता? मामाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पावसाचा थेंब कोणाचा असं विचारलं होतं. "असं नसते पाहत," तो म्हणाला. "खेळ हाय तो."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. गोटमारीत हजारो हात असतात आणि दगडाला मालक नसतो. उलट असं की मालक नाही म्हणूनच तो खेळ आहे. ज्या क्षणी कोणाचा दगड हे ठरेल, त्या क्षणी तो गुन्हा होईल, वैर होईल, कोर्टकचेरी होईल, आणि संध्याकाळी दोन्ही काठांना एकमेकांना भेटता येणार नाही. त्या न ठरण्यावरच सगळं उभं आहे.

याविषयी बोलायची भाषा मला भलतीकडेच सापडली. जर्मन अभिव्यक्तिवादी लेखकांची इंग्रजी भाषांतरं मी नागपूरला शिकत असताना वाचायला लागलो. साधारण 1910 ते 1925 या काळात लिहिणारी ही पिढी. 1919 च्या शेवटी कुर्ट पिंथुसने त्यांच्यातल्या 23 कवींचा एक संग्रह बर्लिनमध्ये काढला. त्याच्या पहिल्याच भागाचं नाव कोसळणं आणि किंकाळी असं होतं. त्यांच्या लिखाणात इतकी हिंसा आहे की पहिल्यांदा वाचताना गुदमरायला होतं. मुलगा बापावर पिस्तूल रोखतो, वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला माणूस वाटेत भेटलेल्या मुलांना मारतो, शहरं पेटतात, शवागारातली प्रेतं कवितेत येतात. मला ते परकं वाटलं नाही. दरवर्षी पाडव्याला जे मी पाहत आलो होतो आणि ज्याला शब्द नव्हते, त्याला या लोकांनी शब्द काढले होते, असं वाटलं.

पहिला भेटला तो गेओर्ग हाइम. 1887 चा जन्म, सरकारी वकिलाचा मुलगा, कायद्याचा विद्यार्थी. 1911 च्या सप्टेंबरात, मोरोक्कोवरून युरोपात युद्ध पेटतं की काय असं वातावरण असताना, त्याने युद्धावर एक कविता लिहिली. तिच्यात युद्ध म्हणजे तळघरात झोपलेला एक राक्षस आहे. तो जागा होतो, संध्याकाळच्या शहरावर उभा राहतो आणि माणसं बाजारात गप्प होतात. पहिलं महायुद्ध तीन वर्षं लांब होतं. त्यामुळे हाइमला भविष्य दिसलं असं सगळे म्हणतात. मला त्याची रोजनिशी जास्त महत्त्वाची वाटते. 1910 च्या उन्हाळ्यात त्याने लिहून ठेवलंय की सगळं इतकं कंटाळवाणं आहे, काहीतरी घडावं, मोर्चेबंद्या उभ्या राहाव्यात, नाहीतर एखादं युद्ध तरी व्हावं, अन्यायाचं असलं तरी चालेल. ही शांतता कुजकी आहे. म्हणजे ज्या राक्षसाची त्याला भीती वाटत होती त्यालाच तो हाकही मारत होता. दोन्ही खरं होतं आणि कवितेत दोन्ही आहे. तिच्यातला राक्षस भयंकर आहे आणि देखणाही आहे.

नदीपात्रात उतरणाऱ्या पोराला हाइम समजला असता. वर्षभर बागेत फवारणी, मंडीत हमाली, नाहीतर नागपूरच्या कारखान्याची पाळी. कुठेच त्याला कोणी नावाने ओळखत नाही. एक दिवस असा येतो की हजारो माणसं काठावर, पुलावर, छतांवर उभी असतात आणि त्याच्या धावण्याकडे पाहत असतात. झाडापर्यंत गेला तर त्याचं नाव वर्षभर घेतलं जातं. देवीची श्रद्धा आहे, गावाचा मान आहे, हे सगळं आहेच. जखमेवर चंडी मातेचा अंगारा लावून पुन्हा पात्रात उतरणारेही मी पाहिले आहेत आणि त्यांच्या श्रद्धेवर मला शंका घ्यायची नाही. पण त्या श्रद्धेच्या खाली हाइमचा तो कंटाळाही आहे, शरीराची ती भूक आहे. प्रशासनाला ती कधी दिसली नाही. जमावबंदीचा आदेश निघतो, गोफणीवर बंदी येते, मागे एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडूने ती भूक भागत नाही. 1978 आणि 1987 मध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन्ही वेळा माणसं गेली. दगड थांबवायला गोळी वापरली, तिलाही खेळात गेलेल्यांच्या यादीतच जागा मिळाली.

हाइम युद्ध पाहायला जगला नाही. 1912 च्या जानेवारीत बर्लिनजवळ हाफेल नदीच्या बर्फावर तो मित्रासोबत स्केटिंग करत होता. बर्फ फुटलं, मित्र खाली गेला, त्याला काढायला गेलेला हाइमही बुडाला. 24 वर्षांचा होता. ज्याने कागदावर अख्खी शहरं जाळली, तो एका माणसाला वाचवताना गेला.

हिंसेचं दुसरं टोक मला आल्फ्रेड ड्योब्लिनच्या एका कथेत सापडलं. ड्योब्लिन डॉक्टर, मनोविकारांचा अभ्यास केलेला. त्याची ही कथा 1910 मध्ये 'श्टुर्म' नावाच्या नियतकालिकात आली. एक सुखवस्तू व्यापारी, हेर मिखाएल फिशर, संध्याकाळी रानात फिरायला जातो. हातातली काठी झुडपांत अडकते म्हणून चिडून तो काठीने फुलं झोडपतो. त्यात एका पिवळ्या रानफुलाचं मुंडकं उडतं. एवढंच घडतं. पण त्या क्षणापासून त्याला ते धड दिसायला लागतं, त्यातून रस वाहताना दिसतो, वास येतो. तो पळत घरी येतो. पुढे तो त्या फुलाला नाव देतो, आपल्या दुकानाच्या वहीत त्याच्या नावाने खातं उघडतो आणि त्यात भरपाईची रक्कम जमा करत जातो. तसलंच एक रोपटं आणून कुंडीत लावतो, त्याची सेवा करतो. एक दिवस मोलकरणीच्या हातून कुंडी फुटते आणि याला मोकळं वाटतं. तो पुन्हा रानाकडे निघतो.

मी ही कथा कितीदा वाचली असेन. यात मरतं ते एक फूल, तरी वाचताना अंगावर येतं, कारण मारणारा एकटा आहे. त्याला गर्दी नाही, काठ नाही, सण नाही, देवी नाही, गोष्ट नाही. आपली काठी आपलीच होती हे त्याला नाकारता येत नाही. मामाच्या "असं नसते पाहत" याच्या नेमकी उलट बाजू ड्योब्लिनने दाखवली. तिथे एका माणसाला एक फूल झोपू देत नाही. इथे हजारो माणसं संध्याकाळी शांत झोपतात. दोन्हीकडची माणसं सारखीच आहेत. आमच्याकडे दगड वाटला गेलेला असतो, त्याचं ओझं कोणा एकाच्या हातावर येत नाही.

युद्ध आलं तेव्हा या पिढीतले कितीतरी जण त्यात उतरले, काही तर आनंदाने. आउगुस्ट श्ट्राम टपाल खात्यातला अधिकारी, एकेका क्रियापदावर तोललेल्या त्याच्या कविता आघाडीवरच लिहिल्या गेल्या आणि 1915 मध्ये तो पूर्व आघाडीवर मारला गेला. श्टाडलर, लोट्स, लिख्टनश्टाइन हे 1914 च्या पहिल्या काही महिन्यांतच गेले. गेओर्ग त्राक्लविषयी मात्र थांबून सांगायला हवं.

त्राक्ल साल्झबुर्गचा, औषधविक्रीचं शिक्षण झालेला, म्हणून ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय पथकात. 1914 च्या सप्टेंबरात गॅलिशियात ग्रोडेक नावाच्या गावाजवळ लढाई झाली. आज ते गाव युक्रेनमध्ये आहे. एका धान्याच्या कोठारात नव्वदच्या आसपास गंभीर जखमी सैनिक पडलेले होते आणि त्यांच्याजवळ हा एकटा. डॉक्टर नाही, पुरेशी औषधं नाहीत. दोन दिवस. माणसं त्याला विनवत होती की आम्हाला मारून टाक. एकाने तिथेच स्वतःला गोळी घातली. त्राक्ल बाहेर पळाला तर समोर झाडांना फाशी दिलेली माणसं लटकत होती. पुढे त्याला क्राकोच्या लष्करी इस्पितळात मनाच्या तपासणीसाठी ठेवलं. तिथे 3 नोव्हेंबरला, कोकेनच्या जास्त मात्रेने, तो गेला. 27 वर्षांचा. त्या लढाईच्या गावाचंच नाव दिलेली त्याची कविता फार शांत आवाजात बोलते. तिच्यात आरोळी नाही. शेवटी ती अजून न जन्मलेल्या नातवंडांपाशी येऊन थांबते, जी आता कधीच होणार नाहीत.

पांढुर्ण्यात काठाजवळ तंबू असतात, तिथे मी त्राक्लला पाहतो. तंबूत पट्ट्या, टाके घालायच्या सुया, आयोडीनचा वास. फाटलेल्या भुवईला टाके घालताना नर्सबाई पोराशी बोलत राहतात, "भाऊ, हलू नको, झालंच." पोराचं लक्ष बाहेरच्या आरोळीकडे असतं. झेंड्याचं काय झालं ते त्याला हवं असतं. टाका ओढला की तो फक्त श्वास आत घेतो. तंबूच्या आतून गोटमार वेगळीच दिसते. तिथे चंडी मातेचा जयजयकार ऐकू येतो, पण दिसतं ते एक कपाळ, एक जबडा, एक मनगट. एका वेळी एक. दुपार चढते तशी बाकावर जागा उरत नाही आणि लोक जमिनीवर बसतात. त्या तंबूत काम केलेल्या माणसाने एक पान जरी लिहिलं, तर आमच्या गोष्टीला आजवर न मिळालेलं काहीतरी मिळेल.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो अर्न्स्ट टोलर, कारण तो स्वतः बदलला. 1914 मध्ये 20 वर्षांचा हा पोरगा उत्साहाने सैन्यात भरती झाला. पुढे 1933 मध्ये, हिटलर आल्यावर देशाबाहेर छापलेल्या आत्मचरित्रात त्याने खंदकातला एक प्रसंग सांगितला आहे. तो कुदळीने माती खणत होता. कुदळ कशात तरी अडकली. ओढली तर पात्याला माणसाचं आतडं गुंडाळून आलं. तिथे कोणीतरी पुरलेलं होतं. टोलर लिहितो की त्या क्षणी त्याला कळलं, हा मेलेला माणूस आहे. फ्रेंच की जर्मन, हा प्रश्नच गळून पडला. मग जितकी प्रेतं त्याने पाहिली होती ती सगळी एकदम माणसं झाली. इतके दिवस तो रोज मृत्यू पाहत होता, पण बाजू, देश, शौर्य यांच्या कथेतून पाहत होता. कुदळीने कथा फाडली.

युद्धानंतर म्युनिकच्या क्रांतीत भाग घेतल्याबद्दल टोलरने पाच वर्षं तुरुंगात काढली आणि तिथेच नाटकं लिहिली. त्यातलं 'हिंकेमान' 1923 मध्ये लाइप्झिगला रंगभूमीवर आलं. हिंकेमान युद्धावरून परतलेला मजूर. गोळीने त्याचं पुरुषत्व गेलं आहे. नाटक उघडतं तेव्हा त्याच्या हातात एक छोटा पक्षी असतो. त्याच्या सासूने तापलेल्या सुईने त्या पक्ष्याचे डोळे फोडलेत, कारण आंधळा पक्षी जास्त चांगला गातो म्हणे. हा धिप्पाड माणूस त्या पक्ष्यासाठी कळवळतो. आणि हाच माणूस पुढे बायकोला चार पैसे मिळावेत म्हणून जत्रेत नोकरी धरतो. काम काय, तर लोकांसमोर जिवंत उंदरांचे गळे दातांनी फोडायचे आणि रक्त प्यायचं. जत्रेतल्या खेळाचा मालक त्याला जर्मन शौर्याचा नमुना म्हणून पुकारतो. लोकांना रक्त पाहायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तिकीट काढून लोक येतात. एक दिवस प्रेक्षकांत हिंकेमानची बायको असते, दुसऱ्या पुरुषासोबत. आपला नवरा काय करतोय हे पाहून तिचं काळीज फाटतं, पण हिंकेमानला सांगितलं जातं की ती हसली. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनला राष्ट्रवाद्यांनी या नाटकाच्या प्रयोगात दंगा केला. जखमी सैनिक कुतूहलाची वस्तू झालाय, हे त्यांना रंगमंचावर नको होतं. पदक लावलेला जखमी त्यांना चालला असता.

मामाने ते नाटक वाचलेलं नाही, वाचणारही नाही. मी त्याला त्या पक्ष्याचं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अन् खरंच गायचा का तो पक्षी?" मी म्हटलं, नाटकात तसं म्हणतात. "गातच असन," मामा म्हणाला. "दुसरं काय करन?"

टोलरने बोट ठेवलं ते तिकीट काढणाऱ्यांवर. पात्रात उतरणारे काही शे, काठावर हजारो. पुलावर, घरांच्या छतांवर बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं, दूरदूरचे पाहुणे. आता मोबाइलवर चित्रीकरण करणारे हात. दगड फेकणाऱ्याला निदान उलटून दगड लागू शकतो. पाहणाऱ्याला काहीच लागत नाही, आणि तरी दगड डोक्यावर आदळला की छतावरून जो आवाज उठतो तो सगळ्यांचा मिळून एक असतो. तो आवाज नसेल तर खेळ किती वेळ चालेल? मला वाटतं, दुपारपर्यंतसुद्धा नाही. खेळाडूंना शहाणं करायला सगळे निघतात, छतांकडे कोणी पाहत नाही.

मराठी रंगभूमीला हिंसा नवी नाही. 1970 मध्ये तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगभूमीवर आलं तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. दिग्दर्शक श्रीराम लागूंनी डाग निळा केला, आणि हा निळा डाग लाल समजावा असं प्रेक्षकांना आधी सांगितलं जाई. डागाचा रंग बदलायला लावणारेही कोणीतरी होते, आणि खरा रंग सांगून टाकणारेही. नंतर नेहरू फेलोशिप घेऊन तेंडुलकर देशभर हिंसेचा अभ्यास करत फिरले. नागपूरच्या महेश एलकुंचवारांच्या 'होळी'त सणाच्या दिवशी कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं मिळून आपल्यातल्याच एकाला मरणाकडे ढकलतात, आणि तिथेही नेमका कोणाचा हात हे वेगळं काढता येत नाही. ते वाचताना मला दर वेळी जाम नदी आठवते. पण ती वसतिगृहातली मुलं होती. आमच्याकडे बाप आणि लेक एकाच काठावर उभे असतात, आणि लेकीचं सासर समोरच्या काठावर असतं.

ज्यांचं माणूस गोटमारीत गेलं अशी घरं पांढुर्ण्यात आहेत. त्यांच्याकडे तो दिवस सुतकासारखा असतो. बाहेर जयजयकार चालू असतो आणि त्या घरांत दार लोटलेलं असतं. माझी मामी डोळा गेलेल्या माणसाची बायको, तिला तेवढंही दुःख करायची मुभा नाही, कारण मामा जिवंत आहे आणि स्वतःच दरवर्षी काठावर जातो. मागच्या पोळ्याला पुरण वाटता वाटता ती एकदम मला म्हणाली, "काहून रे, तुही ती गोष्ट. त्या पोरीची माय कुठं होती तवा?" मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वेळा मी ती गोष्ट सांगितली, पण त्यात आई नव्हती. बापही नव्हता. सावरगावचे लोक असं आम्ही म्हणतो आणि पुढे जातो. पण मुलीवर दगड मारायला नदीवर कोण धावलं असेल? शेजारपाजारचे नंतर. आधी तिच्याच घरातले.

कोणी नाटक लिहिणार असेल तर मला ते तिथून सुरू व्हायला हवं आहे. पळून जाणं नको, नदी नको, पश्चात्तापाची मिरवणूक नको. ते सगळं आम्हाला पाठ आहे. पहिला प्रवेश मुलीच्या घरातला. बाप आणि दोन भाऊ नदीवरून परत आले आहेत, तिघांनीही दगड मारले आहेत, तिघांचाही नेम चांगला आहे, आणि आई विचारते, कोणाचा लागला.